केचप, मेयोनेज आणि मोहरीचा सॉस घरी करताना साखर-मीठ किती कमी करता येते?

नवा_प्रयोग (प्रश्न)

नमस्कार. गेल्या चार महिन्यांपासून मी तयार केचप, मेयोनेज आणि मोहरीचा सॉस विकत आणणे थांबवले असून हे सारे घरी करण्याचा प्रयत्न करते आहे. निमित्त झाले ते माझ्या पतींच्या रक्तदाबाचे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर आम्ही स्वयंपाकातले मीठ चमच्याने मोजू लागलो, पण जेवणाच्या टेबलावर कायम मुक्कामाला असलेली बाटली आमच्या हिशेबातच नव्हती. एके दिवशी सहज तिच्या मागचा तक्ता वाचला. १०० ग्रॅम केचपमध्ये २३ ग्रॅम साखर आणि सव्वादोन ग्रॅम मीठ असल्याचे त्यावर छापले होते. आमची सात वर्षांची मुलगी त्या बाटलीशिवाय जेवायला बसत नाही, आणि तिच्या ताटात पडणाऱ्या त्या लाल पदार्थाचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर आहे हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मेयोनेजच्या बरणीवरील घटकांपैकी निम्म्यांची नावे तर मी पहिल्यांदाच वाचत होते.

आतापर्यंतचे अनुभव असे. केचप तीन वेळा केले. त्यात साखर जवळजवळ घातली नाही, त्यामुळे ते फार आंबट लागू लागले, म्हणून पुढच्या खेपेला व्हिनेगरही निम्मे केले. चव मुलीला आवडली, परंतु फडताळात ठेवलेल्या बाटलीच्या तोंडाशी नवव्या दिवशी पांढरी-हिरवी बुरशी दिसली. वरचा थर काढून उरलेले वापरावे असे मनात आले होते, पण धीर झाला नाही. मेयोनेज दोनदा जमले आणि दोनदा फुटले. शिवाय कच्च्या अंड्याची धास्ती वाटते ती वेगळीच. मोहरी उकळत्या पाण्यात भिजवून वाटली, तर ती नुसती कडू झाली आणि झणझणीतपणा अजिबात आला नाही. निर्वेध जमलेली एकच गोष्ट म्हणजे लसणाच्या सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून केलेले लसूण-तेल. ती बरणी ओट्यावर असते, दोन आठवडे झाले तरी तिला काही झालेले नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. साखर आणि मीठ कमी करूनही हे पदार्थ टिकवता येतात का? विकतच्या बाटलीतील संरक्षक द्रव्ये खरोखर घातक असतात, की माझी भीती निराधार आहे? आणि ज्यांनी हा बदल वर्षानुवर्षे निभावला आहे, त्यांनी नेमके काय घरी करायचे ठरवले आणि काय सोडून दिले?

अन्नतंत्रज्ञ

ताई, बाकीच्या प्रश्नांचे उत्तर सविस्तर लिहितो, पण ते वाचण्याची वाट न पाहता ती लसूण-तेलाची बरणी आजच टाकून द्या. चव घेऊन पाहू नका, वास घेऊन ठरवू नका आणि ते तेल आता शिजवून संपवावे असाही विचार करू नका. बरणी घट्ट बंद करून पिशवीत बांधून टाका, आणि तेल कुठे सांडले असल्यास ती जागा साबणाने स्वच्छ करा.

कारण सांगतो. लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. हा जीवाणू हवेत वाढत नाही. त्याला प्राणवायू नसलेली, आम्ल नसलेली, ओलसर आणि कोमट जागा लागते. तेलात बुडालेली लसणाची पाकळी ओट्यावर ठेवली की या चारही अटी एकदम पूर्ण होतात. त्याने तयार केलेल्या विषाला ना वास असतो ना चव, त्यामुळे ‘काही झालेले नाही’ असे दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातील चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा, झाली होती, आणि ती बरणी तर विकत आणलेली होती.

लसूण-तेल करायचेच असेल तर थोडेसे करावे, लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. जास्त केले असेल तर गोठवावे. घरात कोणाला दृष्टी दुहेरी होणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळताना किंवा बोलताना अडखळणे अशी लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे आणि हे तेल खाल्ल्याचे डॉक्टरांना सांगावे. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही वेळा त्याला कित्येक दिवसही लागतात. आपल्याकडे सर्व ठीक असेलच, तरी हे माहीत असणे आवश्यक आहे.

मंद_आच

मी सुमारे अकरा वर्षे केचप घरीच करते, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

तुमच्या केचपात साखर कमी पडली ही अडचण नव्हती, ते पुरेसे आटले नव्हते ही होती. पिकलेल्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असते आणि साखर १०० ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. आता दोन किलो टोमॅटो आटवून आटवून अर्धा किलोवर आणले, तर त्यांतली पन्नासेक ग्रॅम साखर त्या अर्ध्या किलोत एकवटते. म्हणजे वरून एक दाणाही साखर न घालता १०० ग्रॅम केचपला सुमारे दहा ग्रॅम गोडवा टोमॅटोनेच दिलेला असतो. तो जिभेला जाणवतो. घाईने अर्धवट आटवलेल्या रसात मात्र तो पातळ राहतो, मग आंबटपणा पुढे येतो आणि आपला हात साखरेच्या डब्याकडे जातो.

मी दोन किलो पूर्ण पिकलेले, घट्ट गराचे टोमॅटो घेते. चिरल्यानंतर ते जराही तसेच ठेवायचे नाहीत, चिरत जायचे आणि तापलेल्या पातेल्यात टाकत जायचे. हे फार महत्त्वाचे आहे. टोमॅटो कापला गेला की त्यातील विकरे (एन्झाइम) पेक्टिन, म्हणजे गराला दाटपणा देणारे द्रव्य, तोडू लागतात, आणि पेक्टिन तुटले की केचप कितीही आटवा, खाली दाट गर आणि वर पाणी अशी त्याची फाळणी होते. लगेच चांगली उष्णता मिळाली तर ही विकरे निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. कारखान्यातही टोमॅटो चिरडताच तापवतात ते याचसाठी. हे समजायच्या आधी मी दोन-तीन वर्षे कॉर्नफ्लॉवर घालून केचप दाट करत होते, आणि त्याची चव मला कधीच मनापासून पटली नव्हती.

सोबत एक मोठा कांदा, थोडा लसूण, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा आणि चार मिरे घालते. सारे मऊ झाले की खडा मसाला काढून, मिक्सरमधून फिरवून गाळणीतून गाळते. मग रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या पातेल्यात आटवते. पातेले स्टीलचे किंवा इनॅमलचे असावे. ॲल्युमिनियम, तांबे वा कल्हई उडालेले पितळ आम्लाशी जुळत नाही. आटताना शिंतोडे उडतात, म्हणून झाकण तिरके ठेवावे, पूर्ण लावू नये. शेवटचा अर्धा तास पातेल्यापासून दूर जाता येत नाही, कारण ते बुडाशी लागले की करपट वास सगळ्या घाण्याला लागतो आणि त्यावर उपाय नाही. चमच्याने पातेल्याच्या बुडाशी रेघ ओढली की ती दोन क्षण तशीच राहायला हवी. मग १०० मिलिलिटर पाच टक्क्यांचे व्हिनेगर, एक लहान चमचा मीठ आणि वीस ग्रॅम साखर घालून आणखी दहा मिनिटे उकळते. व्हिनेगर आधीपासून घातले तर त्यातील आम्लाचा काही भाग वाफेबरोबर निघून जातो, म्हणून ते शेवटी.

एवढ्या साखरेनिशी १०० ग्रॅमला जेमतेम चौदा ग्रॅम होतात, आणि मिठाचे प्रमाण विकतच्यापेक्षा निम्म्याच्या आसपास येते. कोमट असताना चाखू नका, थंड झाल्यावर चाखा. गरम केचप नेहमीच जास्त आंबट आणि कमी मुरलेले वाटते. दुसऱ्या दिवशी तुमचे मत बदलेल.

मुलीबद्दल एक सुचवते. आमच्या मुलाला मी एकदम बदल दिला नाही. पहिल्या महिन्यात विकतच्या केचपात घरचे चौथा हिस्सा मिसळून दिले, मग निम्मे, मग तीन हिस्से. त्यात लपवाछपवीही केली नाही. त्याच्यासमोरच मिसळत असे, आणि गाळणीवरून चमचा फिरवण्याचे काम त्याच्याकडेच होते. आपण केलेल्या वस्तूला नावे ठेवणे मुलांना जड जाते.

अन्नतंत्रज्ञ

आता राहिलेले प्रश्न. मी अन्नप्रक्रियेच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

केचपमधील साखरेची कथा समजून घेतली तर तुमची बुरशीची अडचण आपोआप उलगडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत केचप सोडियम बेंझोएट घालून टिकवण्याची पद्धत होती, कारण अनेकदा टोमॅटोचे टाकाऊ भाग त्यात वापरले जात आणि ते लवकर आंबत असे. तेथील कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली यांनी रासायनिक संरक्षकांविरुद्ध मोहीम उघडली, १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा झाला, आणि त्याच सुमारास हाइन्झ कंपनीने बेंझोएटशिवाय केचप विकायला सुरुवात केली. ते टिकवण्यासाठी त्यांनी अधिक पिकलेले टोमॅटो घेतले आणि व्हिनेगर पुष्कळ वाढवले. व्हिनेगर वाढले की घशाखाली उतरेना, म्हणून साखरही वाढवली. आजच्या केचपचा गोडपणा या हिशेबातून आलेला आहे. बाटलीवर ‘संरक्षक द्रव्ये नाहीत’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा ते खरेच असते, कारण संरक्षणाचे काम व्हिनेगर करते आणि साखर ते व्हिनेगर खपवून घेण्याचे काम करते. त्या ओळीचा अर्थ ‘साखर कमी’ असा मात्र घेऊ नये.

तुमच्याकडून नेमके हेच झाले. साखर काढली, त्यामुळे आंबटपणा बोचू लागला, म्हणून व्हिनेगर काढले, आणि व्हिनेगरबरोबर राखणदारही गेला. साखर कमी करायला काहीच हरकत नाही, मीठही केचपात पुष्कळ कमी करता येते, परंतु आम्ल कमी करू नये. वर मंद_आच यांनी सांगितलेले व्हिनेगरचे प्रमाण योग्य आहे, त्याखाली जाऊ नका.

आम्ल काम कसे करते तेही सांगतो, कारण त्यावरच सारे अवलंबून आहे. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाचे अखंड रेणू जंतूच्या पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर फुटून पेशीचा समतोल बिघडवतात. आंबटपणा जितका जास्त, म्हणजे पीएच जितका कमी, तितके अखंड रेणू अधिक. बेंझोएटही असेच आम्लाच्या सोबतीनेच काम करते, आंबट नसलेल्या पदार्थात त्याचा उपयोग नसतो. बॉट्युलिनमसाठी जगभर मानलेली सीमारेषा पीएच ४.६ ही आहे, तिच्याखाली तो वाढू शकत नाही. टोमॅटोचा पीएच साधारण ४.२ ते ४.९ यांच्यामध्ये असतो, म्हणजे काही टोमॅटो सीमेच्या अलीकडे तर काही पलीकडे. जातीनुसार आणि पिकण्यानुसार तो बदलतो, त्यामुळे ‘टोमॅटो आंबटच असतो’ या भरवशावर राहू नये. व्हिनेगर न घालता नुसता टोमॅटोचा गर बरणीत भरून टिकवणाऱ्यांना अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस घालण्याची शिफारस याचसाठी केली जाते. बाटलीबंद अशासाठी, की त्याची आम्लता ठरलेली असते, ताज्या लिंबाची बदलत राहते. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या सहज मिळतात. नियमित करणाऱ्याने त्या घरात ठेवाव्यात, आणि माझे स्वतःचे धोरण ४.० च्या खाली राहण्याचे आहे.

आणि बुरशी आलेली बाटली टाकलीत हे फार चांगले केलेत. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि बुरशी आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे तिच्या आसपासचा पीएच वाढून इतर जंतूंना वाट मोकळी होते. वरचा थर काढून खाणे सर्वस्वी चुकीचे आहे.

साठवण अशी करावी. काचेच्या लहान बाटल्या धुऊन दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवाव्यात, केचप गरम असतानाच भरावे, थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन आठवड्यांत संपवावे. एक मोठी बाटली भरू नये, कारण प्रत्येक वेळी उघडताना आणि उष्टा चमचा घालताना आपणच जंतू आत सोडतो. कमी साखरेचे घरचे केचप फडताळासाठी नसतेच. महिनोन्महिने बाहेर टिकवण्याचा हट्ट सोडला, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे.

संरक्षक द्रव्यांच्या भीतीबद्दल. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, झँथन गम ही नावे अनोळखी असली तरी परवानगी असलेल्या प्रमाणात ती खाण्यास सुरक्षित मानली जातात. झँथन गम जीवाणूंच्या किण्वनातून मिळतो आणि सॉस दाट ठेवतो. मेयोनेजमध्ये असणारे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए धातूंचे सूक्ष्म अंश बांधून ठेवते, त्यामुळे तेल खवट होत नाही. ही द्रव्ये पदार्थाला दूरच्या प्रवासासाठी आणि महिनोन्महिने फळीवर राहण्यासाठी लागतात. तुमच्या घरातील पदार्थाला तो प्रवास नाही, म्हणून त्याला ती लागत नाहीत. नावाला घाबरून बाटली टाळू नका. बाटली टाळायचीच असेल तर तिच्या घटकांच्या यादीत साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहून टाळा, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते.

मेयोनेजच्या बाबतीत मात्र कारखान्याची बाजू भक्कम आहे हे मान्य करायला हवे. तेथे पाश्चराइझ केलेले, म्हणजे जंतू मरतील इतके तापवलेले अंडे वापरतात आणि आम्लता साल्मोनेला हा कच्च्या अंड्यातून बाधा करणारा जीवाणू तगणार नाही इतकी ठेवतात. घरी कच्चे बलक वापरले तर ती शाश्वती राहत नाही, आणि लहान मुले, गर्भवती, वृद्ध व आजारी माणसे असलेल्या घरात मी तो धोका पत्करणार नाही. पाश्चराइझ केलेली अंडी मिळत असतील तर ती घ्यावीत. अन्यथा बलकांत थोडे पाणी आणि व्हिनेगर मिसळून, भांडे मंद आचेवर ठेवून, सतत ढवळत मिश्रण ७१ अंश सेल्सियसपर्यंत न्यावे, लगेच थंड करावे आणि मग त्यात तेल घालावे. थर्मामीटर हवाच, अंदाजाने हे होत नाही. असे मेयोनेज फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

ते फुटते कशामुळे? मेयोनेज म्हणजे थोड्या पाण्यात ठासून भरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. बलकातील लेसिथिन त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. सुरुवातीलाच तेलाची धार मोठी झाली तर थेंब बारीक होण्याआधीच एकत्र येतात आणि सारे उलटते. पहिले चार-पाच चमचे तेल थेंबाथेंबाने घालावे, पुढे धार चालते. फुटलेले मेयोनेज टाकू नका. स्वच्छ भांड्यात एक चमचा पाणी किंवा वर सांगितल्याप्रमाणे गरम करून थंड केलेला एक बलक घ्यावा आणि फुटलेले मिश्रण त्यात थोडे थोडे घालत फेटावे. ते पुन्हा जुळून येते.

मोजून_मापून

वरील दोघांच्या मेहनतीबद्दल आदर बाळगून थोडे वेगळे मांडतो. मी स्वतः रक्तदाबाचा रुग्ण आहे आणि घरी काय करायचे ते मी आवडीने ठरवले नाही, आकड्यांवरून ठरवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. एक मोठा चमचा केचप म्हणजे साधारण १५ ग्रॅम. त्यात पाऊण ते एक लहान चमचा साखर आणि सुमारे एक तृतीयांश ग्रॅम मीठ असते. तेवढ्याच सोया सॉसमध्ये मात्र दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग एका चमच्यात संपतो. सोया सॉस घरी करणे बहुतेकांच्या आवाक्यातले नाही, त्याला महिनोन्महिने आंबवण लागते आणि ते मिठाशिवाय होतच नाही. त्यामुळे तुमच्या घरात तो वापरला जात असेल, तर पतींच्या दृष्टीने केचप घरी करण्याआधी सोया सॉसची बाटली टेबलावरून उचलणे जास्त उपयोगाचे ठरेल. मुलीच्या दृष्टीने क्रम उलटा लागेल, कारण तिथे प्रश्न साखरेचा आहे. एकाच घरात दोन माणसांसाठी दोन वेगळ्या बाटल्या महत्त्वाच्या असू शकतात, आणि हे वेगळे केल्याशिवाय श्रम चुकीच्या जागी खर्च होतात.

मेयोनेजबद्दलही एक गैरसमज नेहमी दिसतो. घरचे म्हणून ते हलके होत नाही. विकतच्या पूर्ण मेयोनेजमध्ये दोन तृतीयांश ते चार पंचमांश तेल असते आणि घरच्यातही तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच जाते. चमचाभर मेयोनेजमागे नव्वद-शंभर कॅलरी दोन्हीकडे सारख्याच. घरी केल्याने तेल कोणते घालायचे हे आपल्या हाती येते, मीठ कमी करता येते, हे लाभ खरे आहेत. पण ‘घरचे आहे, घ्या अजून’ असे म्हणत दुप्पट वाढले तर उलटाच परिणाम होतो. आमच्याकडे हे प्रत्यक्ष घडले आहे. पहिल्या वर्षी घरच्या सॉसचे कौतुक इतके झाले की त्याचा खप वाढला, आणि मीठ मोजल्यावर लक्षात आले की आम्ही होतो तिथेच आहोत. तेव्हापासून आम्ही बरणी टेबलावर ठेवत नाही, वाटीत काढून आणतो.

मी मेयोनेज सोडून दिले. घट्ट दही फडक्यात टांगून, त्यात थोडी मोहरी, लिंबू आणि मिरपूड घालून वापरतो. ते मेयोनेज नाही, त्याची चवही तशी नाही, पण मला आता तेच आवडते.

राईचा_दाणा

मोहरीच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, आणि माझ्या मते नवशिक्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी, कारण ती शिजवावी लागत नाही, साखर मागत नाही आणि व्हिनेगरमुळे फ्रिजमध्ये कित्येक महिने राहते.

तुमची चूक उकळत्या पाण्याची. कोरड्या मोहरीत झणझणीतपणा नसतोच, तो घडवावा लागतो. दाण्यात ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे आणि मायरोसिनेज नावाचे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून त्याला पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते आणि नाकात चढणारा तिखटपणा तयार होतो. उकळते पाणी घातले की ते विकरच मरते, मग उरतो तो निव्वळ कडवटपणा. म्हणून पूड थंड पाण्यात कालवावी आणि दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावी. एवढ्या वेळात ती पुरेशी चढते. मग व्हिनेगर घालावे. आम्ल ही क्रिया थोपवते आणि झालेला तिखटपणा टिकवून धरते. व्हिनेगर घातलेच नाही तर तासाभरात उत्तम लागणारी मोहरी काही तासांत मिळमिळीत होते. व्हिनेगर घालायला किती थांबायचे यावर तुमच्या सॉसचा जहालपणा ठरतो. मला स्वतःला हे सारे शास्त्र वाचून कळले नाही. एकदा पाणी घालून ठेवले आणि बोलण्यात वेळ गेला, तेव्हाचा सॉस असा झाला की तोच पुन्हा साधण्यासाठी मी घड्याळ लावून बसू लागलो.

पिवळी मोहरी सौम्य असते, तपकिरी आणि काळी तीव्र. मी दोन वाटे पिवळी आणि एक वाटा तपकिरी घेतो. ताज्या वाटणात कडूपणा राहतोच, त्याने निराश होऊ नये. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस मुरू द्या, तो निघून जातो. विकतच्या पिवळ्याधमक सॉसचा रंग मोहरीचा नसतो, हळदीचा असतो, तेव्हा आपला सॉस फिका दिसला तरी तो बरोबरच आहे.

मीठ चिमूटभर पुरते. तिखटपणा इतका पुढे असतो की मिठाची उणीव भासत नाही, आणि ज्याला मीठ कमी करायचे आहे त्याच्यासाठी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

नवा_प्रयोग

सर्वांचे मनापासून आभार. लसूण-तेल पहिले उत्तर वाचल्यावर पाच मिनिटांत बांधून टाकले. ते आम्ही रोज खात होतो हे आठवून रात्री झोप लागली नाही. सगळे ठणठणीत आहेत, डॉक्टरांनाही कळवून ठेवले आहे.

काल दोन किलो टोमॅटोंचे केचप केले. चिरत चिरत तापल्या पातेल्यात टाकले, व्हिनेगर पूर्ण शंभर मिलिलिटर घातले. पावणेदोन तास लागले आणि ५४० ग्रॅम भरले. पाणी सुटलेले नाही. गाळणीवरचे काम मुलीने केले, आणि आज सकाळी तिने स्वतःहून चाखून ‘अजून थोडे आंबट आहे, पण चालेल’ असा निकाल दिला. पट्टीवर पीएच ३.८ च्या आसपास दिसतो. सोया सॉसचे गणित मी आजवर कधीच मांडले नव्हते. ती बाटली टेबलावरून उचलली आहे. मोहरी भिजवली असून आता घड्याळाकडे पाहते आहे.

एक शेवटची शंका. तीन आठवड्यांत अर्धा किलो केचप आमच्याकडे संपणार नाही. ते गोठवले तर चालेल का, आणि मेयोनेजही तसेच गोठवता येईल का?

मंद_आच

केचप खुशाल गोठवा. बर्फाच्या साच्यात एकेक चमचा घालून गोठवायचे आणि गोळे झाले की डब्यात भरायचे. लागतील तेवढे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे. बाहेर काढल्यावर कडेला किंचित पाणी सुटले तर चमच्याने ढवळले की मिसळते. काचेच्या बाटलीत गोठवणार असाल तर वर दोन बोटे जागा सोडा, नाहीतर बाटली तडकते.

मेयोनेज मात्र गोठवू नका. गोठताना पाण्याचे आणि तेलाचे स्फटिक होऊन थेंबांभोवतीचे आवरण फाटते, आणि वितळल्यावर तेल वेगळे होते. ते दोन बलकांऐवजी एका बलकाचेच करत जा.